चांद्याचे दप्तर आणि यंत्रयुगातील चुका

चांद्याचा परकोट, बल्लारपूरचा किल्ला, राणी हिराईने आपल्या पतीच्या स्मरणार्थ बांधविलेली समाधी, यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. गोंड राजांच्या वंशावळीविषयीचे पंडितांचे वादही आपल्या परिचयाचे आहेत. परंतु या मुलखाच्या कागदांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. कोणत्या शेतावर कोणाचे नाव लागले, ते कोणी लिहिले, लिहिताना काय चुकले, आणि चुकलेले कोणी व कसे दुरुस्त केले, हाही इतिहासच होय. आणि ज्याचे शेत त्यात अडकले आहे त्याला तो वंशावळीपेक्षा अधिक जवळचा वाटतो. आज तोच सांगावयाचा विचार आहे. त्यातही माझा रोख गेल्या पंचवीस-तीस वर्षांवर आहे. या काळात पटवाऱ्याची लेखणी गेली, तिच्या जागी संगणक आला, आणि संगणकाच्या पाठोपाठ त्याची देखभाल करणारा, अडलेल्यास दूरध्वनीवरून वाट दाखविणारा असा एक नवाच कारकूनवर्ग जन्मास आला. या वर्गाच्या हातून होणाऱ्या चुका पूर्वीच्या चुकांहून निराळ्या जातीच्या आहेत. त्या निराळ्या कशा, हे कळण्यासाठी आधी जुने दप्तर थोडे उघडून पाहिले पाहिजे.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले व पुढल्याच वर्षी त्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. त्याबरोबर चांदा इंग्रजी अमलाखाली गेला. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि १८६९ मध्ये मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल तयार झाला. काल जो नुसता सारा गोळा करून भरीत होता तो या व्यवस्थेत मालगुजार या नात्याने गावचा मालक ठरला. आणि गावाचा नकाशा व खसरा पटवाऱ्याच्या बस्त्यात जाऊन बसला. आजही या दोन जिल्ह्यांतील गावांची यादी चाळली तर एकच नाव दोनदा, तीनदा आढळते, आणि त्याच्या मागेपुढे माल, चक, तुकूम, रिठ असा एखादा लहानसा शब्द जोडलेला असतो. हे शब्द शोभेचे नव्हेत. तुकूम हा तर या मुलखाचा खास शब्द. गोंडांच्या अमदानीत जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजणारी जमीन द्यावयाची चाल होती. तिच्यातून हे नाव रूढ झाले. खुद्द चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आहे. रिठ म्हणजे ओसाड पडलेले गाव. माणसे उठून गेली, घरे मातीस मिळाली, परंतु कागदावरचे गाव कायम राहिले, त्याचे भूमापन क्रमांक कायम राहिले, आणि शेजारच्या गावचे लोक तेथील शेते वाहू लागले. तेव्हा चक आणि रिठ यांतला फरक हा दोन निराळ्या गावांतला, म्हणून दोन निराळ्या माणसांच्या भाकरीतला फरक असतो.

या मूळ दप्तरात पुढे आणखी दप्तरे येऊन मिळाली. १८७४ साली गोदावरीकाठचा सिरोंचा भाग चांदा जिल्ह्यास जोडला गेला. तेथील लोकांची भाषा तेलुगू. अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्यांचा कारभार निराळाच होता. राजुऱ्याचा तालुका हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला. तेथील सरकारी कामकाज उर्दूत चाले. तो १९५६ मध्ये नांदेडकडे व १९५९ मध्ये चांद्याकडे आला. दरम्यान मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. अर्थात एकाच शेताचा कागद शंभर-सव्वाशे वर्षांत पाच-सहा राजवटींच्या हातांतून गेला, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याची नवी नक्कल झाली. वर्गात शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेणारा मुलगा त्याची चूकही तितक्याच सुवाच्य अक्षरात उतरवितो, हे ज्याने आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत त्यास सांगावयास नको.

एक मौजेची गोष्ट सांगतो, म्हणजे नक्कल करण्यात धोका कोठे असतो ते ध्यानी येईल. मध्यप्रांतात एकराचे शंभर भाग धरण्याची पद्धत होती. मुंबई इलाख्यात व आपल्या शेजारच्या वऱ्हाडात एकराचे चाळीस गुंठे. पुढे दशमान पद्धती आली व एकराचे हेक्टर करावयाची वेळ आली. आता एखाद्या चांद्याच्या कागदावर '४.२०' असे लिहिले आहे असे समजा. येथल्या माणसाने ते चार एकर व विसांश म्हणून वाचले, तर त्याचे १.७० हेक्टर होतात. गुंठ्याची सवय असलेल्याने ते चार एकर वीस गुंठे, म्हणजे साडेचार एकर, असे वाचले, तर तेच क्षेत्र १.८२ हेक्टर भरते. अंक तेच, टिंब तेच, वाचणाराही प्रामाणिक. आणि तरी मधल्या मध्ये बारा आर जमीन जन्माला आली. हे उदाहरण ध्यानात ठेवावे. त्याच्याशी पुढे आपणांस काम पडावयाचे आहे.

कागदावरील शब्दाला इतके महत्त्व का, असे शहरात राहणाऱ्या श्रोत्यांस वाटेल. त्याचे उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. त्याच्या १५७ व्या कलमाचा आशय असा की, अधिकार अभिलेखातील नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी दुसरी नोंद रीतसर होईपर्यंत खरी मानावयाची. म्हणजे चूक झाली तर ती चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर. याच्याच थोडे अलीकडे १५५ वे कलम आहे. त्यात लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यास दिला आहे. कायदा करणाऱ्यांना माणसाचा हात चुकतो हे ठाऊक होते, हे यावरून उघड आहे. परंतु नोंद खरी हा नियम, आणि चूक हा अपवाद.

एका शब्दाने काय होते याचे या मुलखातील ठळक उदाहरण म्हणजे 'झुडपी जंगल'. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत हजारो शेतांच्या व माळांच्या पुढे जुन्या महसुली कागदांत हा शब्द पडलेला आहे. ज्यावर मोठी झाडे नाहीत, नुसती खुरटी झुडपे आहेत व गुरे चरतात, अशा पडीत जमिनीला पूर्वीच्या कारकुनांनी दिलेले हे नाव. पुढे राज्ये बदलली, पण शब्द राहिला. १९८० साली वनसंवर्धनाचा कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा अर्थ व्यापक केला. आणि एके काळी केवळ वर्णनादाखल लिहिलेल्या त्या शब्दावर शाळा, कचेऱ्या, घरे व स्मशाने यांचे भवितव्य लटकू लागले. ही जमीन वन नव्हेच, असे राज्य सरकारचे म्हणणे वर्षानुवर्षे होते. अखेर २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, १९९६ च्या आदेशास अनुसरून झुडपी जंगल हे वनच मानावे. मात्र १९९६ च्या त्या आदेशापूर्वी इतर कामांसाठी दिल्या गेलेल्या जमिनी केंद्राची संमती घेऊन यादीतून वगळण्याची वाट त्याने मोकळी ठेवली. प्रश्न ८६,००० हेक्टरांहून अधिक जमिनीचा होता. हा शब्द लिहिणाऱ्या कारकुनाने आपण काय लिहीत आहोत याचा क्षणभर तरी विचार केला असेल काय? बहुधा नसेल, आणि त्याचा त्यात दोषही नाही.

आता यंत्राकडे वळू. जमिनीचे कागद संगणकावर घेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. प्रयोगासाठी देशातील आठ जिल्हे निवडले गेले, आणि त्यांत महाराष्ट्रातील एकच जिल्हा होता, तो आपल्या शेजारचा वर्धा. पुढे सर्व राज्यभर हस्तलिखित सातबारे टंकून संगणकात भरले गेले. सातबारा म्हणजे गाव नमुना सात व गाव नमुना बारा. एकात हक्क, दुसऱ्यात पीक. असे राज्यात सुमारे अडीच कोटी उतारे आहेत. हे प्रचंड काम ज्यांनी केले ते टंकणारे तरुण बहुधा त्या गावचे नव्हते. त्यांच्यापुढे तलाठ्याचे अक्षर होते आणि दिवसाला इतकी पाने, असा हिशेब होता. चक आणि रिठ यांतला फरक त्यांना कोणी सांगितला असेल, तर तो कामाच्या घाईत विसरावयास फारसा वेळ लागला नसावा.

चुका कोणत्या झाल्या? टिंब सरकले की ८० आरांचे ८ आर होतात, ही तर बाळबोध चूक. ती निदान डोळ्याला दिसते. अधिक घातक चूक म्हणजे काहीच न लिहिणे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला कलम ३६ व ३६-अ यांचे संरक्षण आहे. परवानगीवाचून ती बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि १९७४ नंतर तर हे निर्बंध अधिक कडक झाले. त्याबद्दलचा शेरा या रकान्यात असतो. हा शेरा म्हणजे त्या शेताचे कुंपण होय. टंकणाऱ्याने तो गाळला तर पडद्यावरचा उतारा मूळच्यापेक्षा अधिक स्वच्छ, अधिक सुटसुटीत दिसतो. आणि घेणाऱ्याचे काम सोपे होते. गाळलेल्या शब्दाला खाडाखोड नसते. तो शोधावयाचा तर तो पूर्वी तेथे होता हे आधी ठाऊक असावे लागते.

नावांची गोष्ट निराळी. या दोन जिल्ह्यांत माडिया व गोंडी बोलणारे लोक आहेत, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, मुलचेरा व चामोर्शीकडे पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. आणि या सर्वांची नावे मराठी कारकुनाने आपल्या कानाला जशी लागली तशी लिहिली. नैतामाचा नयताम, विश्वासाचा बिश्वास, मंडलाचा मोंडल होतो. जोपर्यंत कागद एकच होता तोपर्यंत याने काही बिघडत नव्हते. गाव माणसाला ओळखत होते. बिघडले ते एका यंत्राने दुसऱ्या यंत्राशी नावे जुळवून पाहावयास आरंभ केला तेव्हा. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांचे अर्ज संगणकावरून घेतले गेले व ते बँकांच्या याद्यांशी ताडले गेले, तेव्हा आधार क्रमांकांचा व खात्यांचा राज्यभर जो घोळ झाला तो आपण वर्तमानपत्रांत वाचलाच आहे. यंत्राला मोंडल व मंडल ही दोन माणसे. त्याला गाव ठाऊक नसते.

परंतु मला विशेष सांगावयाचे आहे ते मदतनिसाच्या चुकीबद्दल. पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ई-फेरफार नावाचे सॉफ्टवेअर तयार केले. तलाठी फेरफाराची नोंद संगणकावर घेणार, हरकतींसाठी नोटीस निघणार, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करणार, आणि मग सातबारा आपोआप बदलणार, अशी ही योजना. योजना चांगली आहे, यात संशय नाही. (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे, मी जुन्या सवयीने तलाठीच म्हणणार.) आता भामरागडचा तलाठी डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. तेथे संगणकाचे जोडणीजाळे किती वेळ टिकणार? सर्व्हर मंद, म्हणून राज्यभरच्या तलाठ्यांनी रात्री जागून नोंदी केल्या. अडले की जिल्ह्याच्या मदतकक्षाला विचारावयाचे. त्या कक्षात महसुलातला एखादा जाणता अधिकारी असतो आणि संगणक शिकलेला एखादा तरुण असतो. त्या तरुणाकडे दिवसभर तक्रारी येतात, आणि त्याचे काम किती झाले हे किती तक्रारी मिटल्या यावरून ठरते.

आता मघाचे उदाहरण घ्या. ते मी समजुतीसाठी रचले आहे, घडलेले प्रकरण म्हणून सांगत नाही. एका भूमापन क्रमांकाचे एकूण क्षेत्र कागदावर १.७० हेक्टर आहे. त्यातील तीन खातेदारांच्या हिश्शांची बेरीज मात्र १.८२ येते. संगणकाला ताळा कळतो; तो ही नोंद स्वीकारीत नाही. तलाठी विचारतो, "काय करू?" मदतकक्षातला तरुण पडदा पाहतो, आणि शेवटच्या नावापुढचे बारा आर कमी करावयास सांगतो. बेरीज जुळते, तांबडी खूण हिरवी होते, तक्रार मिटली अशी नोंद होते. शेवटचे नाव बहुधा विधवा बहिणीचे किंवा परगावी गेलेल्या भावाचे असते. बारा आर कोणाचे होते, किंबहुना ते कधी होते तरी काय, हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच्या एकराच्या टिंबात दडलेला आहे, आणि तो त्या पडद्यावर कोठेच दिसत नाही. तरुणाने लबाडी केली नाही. त्याला यंत्राचे समाधान करावयास सांगितले होते, ते त्याने केले.

ताळा जुळणे आणि नोंद खरी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या काळी ताळा जुळत नसे तेव्हा तो न जुळताच राही, आणि त्या विसंगतीकडे पाहून एखादा चौकस अधिकारी विचारी की हे असे का. विसंगती ही साक्षीदार होती. यंत्राच्या घाईत अनेक ठिकाणी हा साक्षीदारच नाहीसा होण्याचा धोका असतो. शिवाय पटवाऱ्याची चूक ओळखू येत असे. शाई, अक्षर, खाडाखोड, शेजारची सही, यांवरून गावातला म्हातारा सांगे की ही नोंद अमक्याच्या कारकिर्दीतली. पडद्यावरील अक्षराला हात नसतो. सॉफ्टवेअरमध्ये कोणी केव्हा काय बदलले याची टीप ठेवता येते, पण ती टीप शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या उताऱ्यावर नसते. चार्ल्स बॅबेजने एकोणिसाव्या शतकात गणितयंत्राची कल्पना मांडली तेव्हा त्याला पार्लमेंटच्या सभासदांनी विचारले होते की, यंत्रात चुकीचे अंक घातले तर बरोबर उत्तर येईल काय. असा प्रश्न कोणाला सुचतो तरी कसा, याचे त्याला नवल वाटले, असे त्याने आपल्या १८६४ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मला त्या सभासदांची इतकी थट्टा करावीशी वाटत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची आजही तीच श्रद्धा आहे.

या श्रद्धेचे पर्यवसान कोठवर होऊ शकते ते इंग्लंडात दिसून आले. तेथील पोस्टाच्या कचेऱ्यांत १९९९ च्या सुमारास होरायझन नावाची संगणकीय हिशेबपद्धती आली. लहान गावांतील पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. त्यांनी मदतकक्षाला विचारले तर त्यांतील अनेकांना उत्तर मिळाले की, अशी तक्रार तुमची एकट्याचीच आहे. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांवर चोरी व अफरातफरीचे खटले झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येक दिवाळखोर झाले, काहींनी जीव दिला. तूट खरी नव्हती. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याहून विलक्षण म्हणजे, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपनीची तांत्रिक साहाय्य करणारी माणसे दूर बसून गावच्या पोस्टाच्या हिशेबात फेरबदल करू शकत होती, आणि ही गोष्ट पोस्टखाते अनेक वर्षे नाकारीत होते. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायालयाने या पद्धतीतील दोष मान्य केले. शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी पार्लमेंटला मे २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. या प्रकरणात सर्वांत अधिक घातक ठरली ती एक कायदेशीर समजूत: संगणक ठीक चालत आहे असे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, गृहीत धरावयाचे. १९९९ च्या कायद्याने पुराव्याची जुनी अट काढून टाकल्यापासून तेथे ही समजूत रूढ झाली. आपले १५७ वे कलम आठवा. दोन्हींची जात एकच.

आपल्याकडे तशी वेळ आली नाही, याचे श्रेय काही अंशी एका जुन्या चालीला द्यावे लागते. संगणकातील सातबारा व हस्तलिखित सातबारा यांत फरक आहेत हे सरकारने उघड मान्य केले, आणि चुका दुरुस्त करण्यासाठी सॉफ्टवेअरमध्येच 'एडिट' नावाची सोय करून दिली. ती पुरली नाही, म्हणून 'री-एडिट' म्हणून दुसरी. नावावरूनच कळते की पहिल्या दुरुस्तीतही चुका राहिल्या होत्या. आणि तसे म्हणावयास सरकार लाजले नाही, हे मला आवडले. परंतु खरा उपाय निराळाच होता. २०१७ साली राज्यभर चावडीवाचन झाले. संगणकातून काढलेले उतारे गावात लोकांपुढे मोठ्याने वाचावयाचे, ज्याला चूक आढळेल त्याने तेथेच बोलावयाचे, आणि तलाठ्याने ती टिपून घ्यावयाची. लाखो रुपयांच्या यंत्राची परीक्षा घेण्यासाठी अखेर माणसाचा कानच लागला! ज्याला अक्षर ओळखत नाही त्यालाही आपल्या शेताच्या चारी बाजूंना कोण आहे हे पाठ असते. एखादे नाव गळले तर जो गळला त्याच्याआधी त्याचा शेजारी हटकतो.

मात्र आपल्या मुलखापुरते एक गाऱ्हाणे नोंदविले पाहिजे. हे वाचन मे महिन्याच्या सुमारास झाले. पश्चिमेकडील जिल्ह्यांत तो शेतकऱ्याच्या विसाव्याचा काळ. गडचिरोलीत तो तेंदूपानाचा हंगाम. पहाटे घर सोडून माणसे जंगलात जातात आणि दुपारी पुडे बांधीत बसतात. त्या दोन-तीन आठवड्यांच्या मजुरीवर वर्षाचे कपडालत्ते व बियाणे निघते. अशा दिवसांत चावडीवर किती जण बसणार? शिवाय वाचन मराठीत, आणि ऐकणारा माडिया. राज्याच्या सोयीचे वेळापत्रक पुण्या-मुंबईकडे आखले जाते, हे नवे नाही. पण ज्या जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे त्याला निराळा महिना दिला असता तर काही बिघडले नसते.

कागद एकत्र बसून वाचण्याची किंमत गडचिरोलीला इतर कोणापेक्षा अधिक कळते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे पूर्वीच करून दाखविले होते. तेथे अभ्यासगट बसत, कायदे व कागद समजून घेत, आणि ग्रामसभा सर्वांच्या संमतीने ठरवी. त्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला; देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. मालगुजारी गेल्यावर निस्तार पत्रकात व वाजिब-उल-अर्जात गावकीचे जे हक्क नोंदले गेले होते ते पुष्कळ गावांत बस्त्यातच राहिले. मेंढ्याच्या लोकांनी ते वाचून घेतले, एवढाच फरक.

चावडीवाचनानंतर संगणकातील उतारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळतो, असे घोषणापत्र तलाठ्यांकडून घेतले गेले. तंतोतंत! अडीच कोटी उताऱ्यांविषयी हा शब्द वापरावयास मोठे धैर्य लागते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. आज पंधरा रुपये भरून सिरोंच्याचा उतारा मुंबईत बसून काढता येतो, आणि पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या दारी किती खेपा घालाव्या लागत हे ज्याला आठवते तो या सोयीला नावे ठेवणार नाही. मीही ठेवीत नाही. परंतु घोषणापत्रानंतर चूक निघाली तर तिचा मार्ग पुन्हा तोच, १५५ व्या कलमाचा: तहसीलदाराकडे अर्ज, पुरावा, आदेश. या कलमाचा दुसऱ्या बाजूने गैरवापर झाल्याच्या तक्रारीही राज्यात काही ठिकाणी झाल्या आहेत. लेखनप्रमादाच्या नावाखाली मालकीच बदलणारे आदेश निघाले असे सांगतात. म्हणजे ज्याची खरोखरच एक मात्रा चुकली आहे तो आता संशयाच्या रांगेत उभा राहतो, आणि अधिकारी सही करावयास कचरतो.

अर्जासोबत जोडावयाचा मुख्य पुरावा म्हणजे जुना हस्तलिखित सातबारा. नव्या उताऱ्याची चूक सिद्ध करावयाची ती त्याच पिवळ्या पडलेल्या, फडक्यात बांधलेल्या कागदावरून, जो निरुपयोगी झाला असे आपण समजून चाललो होतो. तहसिलीच्या अभिलेखकक्षांत हे बस्ते अजून आहेत. तेथील कागद छायाचित्रे काढून संगणकात ठेवण्याचे कामही झाले आहे. परंतु छायाचित्रात कडेचा शेरा अंधुक आला असेल तर मूळ पान काढून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पावसाळ्यात वाळवीपासून ती पाने राखणारा शिपाई हा या साऱ्या सॉफ्टवेअरच्या साखळीतला एक कर्मचारी होय, असे मी समजतो.

रिठी गावांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. चावडीवर वाचन करावयाचे, तर गावाला चावडी असावी लागते. रिठाला ती नाही. तेथे फार तर एखादे देवस्थान, चिंचेचे झाड आणि जुन्या विहिरीचे दगड असतात. त्याचे खातेदार आजूबाजूच्या तीन-चार गावांत विखुरलेले. त्यांचे उतारे वाचावयाचे ते कोणत्या गावात, आणि चूक निघाली तर हटकणारा शेजारी कोठून आणावयाचा, हे तेथल्या तलाठ्याने आपल्या अकलेने ठरवावयाचे असते.